नांगराला रुपया लागला तर? सापडलेलं चांदीचं नाणं ओळखायचं आणि नोंदवायचं कसं

सिंहस्थ जवळ आला की नाशिक खोदलं जातं. रस्ते, गटारं, पाइपलाइनी, घाट. त्यात जुन्या नाशकात वाडे पाडून इमारती उठतायत आणि निफाड-दिंडोरीकडे शेततळी खणली जातायत. एवढी माती वरखाली झाली की अधूनमधून तिच्यातून काहीतरी निघतंच. बहुतेक वेळा खापराचा तुकडा. कधीतरी मात्र एक काळपट-हिरवी, धड गोलही नसलेली चकती. मग तिचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो आणि त्याखाली एकच प्रश्न असतो: किती येतील हो याचे?

मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाखाली काय झालं ते अनेकांनी पाहिलं असेल. एका ऐतिहासिक चित्रपटाची हवा होती. महामार्गाच्या कामाची माती शेतात येऊन पडली, तिच्यात मोहरा सापडल्याची आवई उठली आणि माणसं टॉर्च, मेटल डिटेक्टर घेऊन रात्री शेतं उकरू लागली. आवई अगदीच निराधार होती असंही म्हणता येत नाही, कारण बुऱ्हाणपूर ही मोगलांची मोठी टाकसाळ होती. पण तिथे खरोखर काही पुरलेलं असेल, तर तेही त्या खड्ड्यांत कायमचं विस्कटलं.

गुप्तधन शोधायला पायाळू माणूस लागतो, अशी आपल्याकडची जुनी समजूत. आता ते काम जेसीबी करतो. म्हणून जेसीबीवाला, शेतकरी, मुकादम आणि वाड्याचे वारस या सगळ्यांना थोडं नाणकशास्त्र, म्हणजे नाण्यांचा अभ्यास कसा करतात ते, माहीत असलेलं बरं. किमतीबद्दलही सांगतो, पण शेवटी. कारण पहिला प्रश्न 'किती?' नसून 'कुठे?' असा आहे.

## मातीतली चांदी चांदीसारखी दिसत नाही

जुनं चांदीचं नाणं सहसा पांढरंशुभ्र निघत नाही. हवेतल्या आणि मातीतल्या गंधकाने चांदी काळी पडते, हे घरातल्या पैंजणांवरून आपल्याला माहीत आहे. मातीतल्या क्षारांमुळे तिच्यावर राखाडी, मेणासारखा थरही चढतो. नाण्याच्या चांदीत बहुधा थोडं तांबं मिसळलेलं असतं. शेकडो वर्षं ओलाव्यात राहिल्यावर ते तांबं बाहेर येतं आणि नाणं हिरवं दिसू लागतं. त्यामुळे 'हिरवं आहे, म्हणजे तांब्याचं' म्हणून फेकून दिलेलं नाणं कधी कधी चांदीचं असतं.

मग घासून बघावं की! नाही, इथेच घात होतो. लहानपणी मी स्वतः एक जुनं नाणं चिंच आणि राख लावून लखलखीत केलं होतं. ते चमकलं, पण त्यावरची उरलीसुरली अक्षरंही गेली. जमिनीत राहून नाण्याचा पृष्ठभाग भुसभुशीत झालेला असतो आणि अक्षराची कड कित्येकदा त्या गंजाच्या थरातच शिल्लक असते. लिंबू, चिंच, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट, ब्रश यांतलं काहीही नको. फार चिखल असेल तर साध्या पाण्यात थोडा वेळ ठेवा आणि कापडावर सावलीत वाळू द्या. नाणी एकमेकांना चिकटलेली असली तर सुटी करू नका. अशी चांदी ठिसूळ झालेली असते, पापडासारखी मोडते.

## आधी वेगळं काढायचं: राणीछाप आणि रामदरबार

लोक 'खूप जुनं' म्हणून जे दाखवतात, त्यात दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. पहिली म्हणजे राणीछाप किंवा राजाछाप कलदार रुपया. यंत्रावर पाडलेला, काटेकोर गोल, कडेला बारीक रेघा, इंग्रजीत नाव आणि साल. चांदी खरी, पण नाणं मध्ययुगीन नाही. व्हिक्टोरिया राणीच्या नावाचे भारतातले रुपये १८४० पासूनचे आहेत.

दुसरी गोष्ट जास्त त्रासदायक. एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी', शिवाय १६१६ किंवा १८१८ असं साल. कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नाही. या नंतर कोणीतरी बनवलेल्या चकत्या आहेत. देव्हाऱ्यात ठेवायला हरकत नाही, पण 'तांदूळ ओढून घेणारं नाणं', 'लाखोंचं नाणं' म्हणून त्यांच्यावर जी फसवणूक चालते तिला सीमा नाही.

या दोन्ही बाजूला काढल्या की उरतं ते हाताने ठोकलेलं नाणं. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर तापवलेली चांदीची चकती, वर दुसरा ठसा आणि त्यावर हातोड्याचा घाव. असं नाणं कधीच पूर्ण गोल नसतं, जाडी सारखी नसते, कड कुठे फाटलेली असते. नवशिक्याला तो दोष वाटतो. खरं तर ती अस्सलपणाची पहिली खूण. उलट कडेभोवती बारीक शिवण दिसली किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे दिसले, तर नाणं साच्यात ओतलेलं असण्याची शंका घ्यावी.

## वजनकाटा निम्मं काम करतो

अक्षरं वाचता येत नसली तरी वजन करता येतं. नाण्याचं वजन म्हणजे राज्याने दिलेला शब्द: यात इतकी चांदी आहे. शेरशाह सूराने १५४० नंतर रुपयाचं वजन सुमारे साडेअकरा ग्रॅम ठरवलं, मोगलांनी तेच चालू ठेवलं, मराठी टाकसाळींनीही थोड्याफार फरकाने तेच धरलं आणि इंग्रजांनी रुपया बरोबर एक तोळ्याचा केला. म्हणून आपल्या आजीच्या तोंडी 'रुपयाभार' हे वजन होतं. ती पावशेरासारखं माप सांगत होती, तिला नाणं अभिप्रेत नव्हतं.

तेव्हा सोनारी डिजिटल काट्यावर नाणं ठेवा. अकराच्या आसपास भरलं आणि दोन्ही बाजूंना चित्र नसून फारसी-अरबी ओळी असतील, तर ते सुलतानांचा टंका किंवा मोगल-मराठी रुपया असण्याची शक्यता मोठी. देवगिरी लुटणाऱ्या अलाउद्दीन खिलजीच्या टंक्यावर तो स्वतःला 'सिकंदर सानी', म्हणजे दुसरा सिकंदर म्हणवून घेतो. त्यानंतर दख्खनमध्ये १३४७ पासून बहमनी सुलतानांचे टंके आले.

साधारण चार ग्रॅमचं, जाडजूड, अक्षर एकही नाही, नुसत्या रेघा आणि ठिपके असतील तर ते गधैया. या नाण्याची गंमत आहे. इराणच्या ससानी राजांच्या नाण्यांवर एका बाजूला राजाचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला अग्निवेदी असे. ती नाणी हूणांबरोबर इकडे आली आणि लोकांनी त्यांची नक्कल केली. मग नकलेची नक्कल, तिचीही नक्कल, अशी काही शतकं. कानगोष्टींच्या खेळात शेवटच्या मुलापर्यंत वाक्याचं जे होतं, ते त्या राजाच्या चेहऱ्याचं झालं: नाकाची एक रेघ, डोळ्याचा एक ठिपका. गुजरात, राजस्थान, महाराष्ट्र सगळीकडे ही नाणी सापडतात.

आणि केसांच्या आकड्यासारखी मधोमध दुमडलेली, ठसा उमटवलेली चांदीची तार निघाली तर ती मोडका दागिना म्हणून सोनाराकडे नेऊ नका. ती लारी. तिचं वजन पाचेक ग्रॅमच्या आतबाहेर असतं. इराणी आखातातून आलेला हा प्रकार कोकण किनाऱ्याच्या व्यापारात चालत होता आणि विजापूरच्या आदिलशाहीनेही स्वतःच्या नावाच्या लाऱ्या पाडल्या.

## अक्षरं अर्धीच का असतात?

मोठा रबरी शिक्का लहानशा पावतीवर मारला तर काय होईल? मधला मजकूर उमटेल, कडेचा बाहेर जाईल. रुपयांचं नेमकं तेच आहे. ठसा मोठा असे आणि चकती लहान. त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर जवळजवळ कधीच मिळत नाही. एका नाण्यावर राजाचं नाव उमटलंय, दुसऱ्यावर साल, तिसऱ्यावर टाकसाळ. तिन्ही शेजारी ठेवली की मजकूर जुळतो. झिजलेली, फुटकी नाणीसुद्धा एकत्र ठेवायची ती यासाठी. बाकीच्यांचं वाक्य पुरं करणारं अक्षर नेमकं त्या फुटक्यावर असू शकतं.

फारसी येत नसेल तरी एक शब्द ओळखायला शिका: 'जर्ब'. अर्थ 'ठोकलं'. त्याच्या आसपास टाकसाळीच्या गावाचं नाव असतं. आपल्या भागात इथे 'गुलशनाबाद' आलं तर जरा थांबा, कारण ते मोगलांनी नाशिकला दिलेलं नाव आहे. चांदवडच्या टाकसाळीचे रुपये 'जाफराबाद उर्फ चांदोर' असं नाव मिरवतात. 'उर्फ' हा शब्द चक्क नाण्यावर, आपल्या लग्नपत्रिकेवर येतो तसा. हेच ते होळकरांच्या काळातले चांदवडी रुपये.

पण राजाच्या नावावर भाबडा विश्वास ठेवू नका. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या असंख्य रुपयांवर दिल्लीच्या मोगल बादशहा शाह आलमचं नाव आहे. पेशव्यांच्या मुलखात, होळकर-शिंद्यांकडे, इतकंच काय कंपनी सरकारच्या टाकसाळीतसुद्धा त्याच्याच नावाने नाणं पडत होतं. दुकान नव्या मालकाचं, पाटी जुन्याची, कारण गिऱ्हाइकाचा विश्वास पाटीवर. मग खरा मालक कसा ओळखायचा? टाकसाळीचं नाव आणि मधल्या मोकळ्या जागेतल्या छोट्या खुणा यांवरून. पुण्याच्या अंकुशी रुपयावर हत्तीचा अंकुश असतो, त्यावरूनच त्याचं नाव पडलं.

याशिवाय पृष्ठभागावर आडवेतिडवे बारीक ठसे दिसतील. हे सराफांचे. रुपया हातात आला की सराफ कस बघायला त्यावर आपली खूण ठोकी. अशा पाच-सात खुणा असलेला रुपया बऱ्याच पेढ्यांवरून फिरून आलेला असतो.

## साल वाचताना दोन ठिकाणी फसगत होते

पहिली अंकांची. आपण मराठी माणसं फारसी अंकांतल्या पाचाला हमखास शून्य समजतो, कारण तो आपल्या शून्यासारखा गोल असतो. त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. एक म्हणजे उभी रेघ. सात बेचक्यासारखा वर उघडा आणि आठ छपरासारखा खाली उघडा. त्यामुळे नाणं उलटं धरलं की साताचे आठ होतात.

दुसरी फसगत कालगणनेची. हिजरी वर्ष चांद्र असतं आणि आपल्यासारखा अधिक महिना त्यात धरत नाहीत, म्हणून ते सुमारे ३५४ दिवसांचं होतं. नुसते ६२२ मिळवून इसवी सन येत नाही. हिजरी सालाला ०.९७ ने गुणा आणि मग ६२२ मिळवा. समजा नाण्यावर १२०० आहे. ०.९७ ने गुणल्यावर ११६४, त्यात ६२२ मिळवले की १७८६. एखाद वर्ष इकडेतिकडे होईल, पण काळ बरोबर लागेल.

बहुतेक रुपयांवर याखेरीज दुसरा, लहान आकडाही असतो: राजा गादीवर बसून किती वर्षं झाली तो. याला जुलूस म्हणतात. दोन्ही आकडे जुळले तर उत्तम. नसतील जुळत तरी नाणं खोटं ठरवण्याची घाई नको. कंपनीने मुर्शिदाबादच्या नावाच्या रुपयावर शाह आलमचं १९ वं जुलूस वर्ष गोठवून ठेवलं आणि तेच वर्षानुवर्षं छापलं. जुन्या सालाच्या नाण्यावर सराफ बट्टा कापत, म्हणून सालच बदलायचं नाही असा तो व्यवहारी तोडगा होता.

## अंजनेरीचा ताम्रपट आणि कृष्णराजाचा रुपया

आता नाशिकच्या जवळचं एक उदाहरण, माझं सगळ्यात आवडतं.

सुमारे दोन ग्रॅमची, नखाएवढी चांदीची नाणी. एका बाजूला उजवीकडे पाहणारं राजाचं मस्तक, दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी आणि कडेने ब्राह्मी अक्षरांत 'परममाहेश्वर मातापितृपादानुध्यात श्रीकृष्णराज'. अशी नाणी बागलाणातल्या देवळाण्यात सापडली, नाशिक परिसरात इतरत्र सापडली आणि पार राजस्थानपासून साताऱ्यापर्यंतही मिळाली. हा कृष्णराज कोण? सुरुवातीच्या अभ्यासकांनी त्याला राष्ट्रकूट कृष्ण मानलं. नाव जुळत होतं, प्रदेशही जुळत होता. पण नाण्याची घडण गुप्त आणि त्रैकूटक या राष्ट्रकूटांच्या आधीच्या राजांच्या नाण्यांच्या फार जवळची होती आणि अक्षरांचं वळणही जुनं होतं. शेवटी ती सहाव्या शतकातल्या कलचुरी कृष्णराजाची ठरली.

याला जोड मिळाली ती त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरीतून. तिथे मिळालेल्या भोगशक्ती या स्थानिक राजाच्या ताम्रपटात 'कृष्णराज-रूपक' असा नाण्याचा उल्लेख आहे. ताम्रपटाचं साल कलचुरी संवत ४६१, म्हणजे इसवी सन ७१०-११. राजा जाऊन जवळजवळ दीडशे वर्षं झाली होती, त्याचं घराणं संपलं होतं, आणि नाशिकच्या आसपास लोक अजून त्याच्याच रुपयांत हिशेब करत होते. कारण काय? चांदी चोख आणि वजन भरवशाचं.

योगायोग असा की आज त्याच अंजनेरीत नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी उभी केलेली ही भारतीय मुद्रा संशोधन संस्था १९८० पासूनची. जिथल्या ताम्रपटाने एका नाण्याला नाव दिलं, तिथेच आता नाणी वाचायला शिकवतात. त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्या शेकडो गाड्या रोज तिच्या बाजूने जातात.

## नाण्याचा सातबारा

सातबारा नसलेली जमीन कसायला येते, पण तिच्याबद्दल खात्रीने काही बोलता येत नाही. सापडल्याची जागा माहीत नसलेल्या नाण्याचं तसंच आहे. ते कोणत्या राजाचं हे तज्ज्ञ सांगेल. ते इथे काय करत होतं, हे कोणालाच सांगता येणार नाही.

एका भांड्यात किंवा एका ठिकाणी बरीच नाणी मिळाली तर त्या समूहाला नाणेनिधी म्हणतात. निधी फुटता कामा नये, यामागचं कारण एका ट्रंकेवरून सांगतो. माळ्यावरची जुनी ट्रंक उघडली आणि तळाशी वर्तमानपत्रं अंथरलेली निघाली. एक १९६२ चं, एक १९७१ चं, एक १९८७ चं. ट्रंक कधी भरली? १९८७ च्या आधी नक्कीच नाही. नाणेनिधीत सर्वांत नवं नाणं हे त्या शेवटच्या वर्तमानपत्रासारखं काम करतं. आता विचार करा: मजुरांनी नाणी वाटून घेतली आणि नेमकं ते नवं नाणं एकाच्या खिशातून गेलं, तर उरलेल्या निधीचा काळ पन्नास वर्षांनी चुकू शकतो. आणि त्या पन्नास वर्षांत दुष्काळ पडला असेल, स्वारी आली असेल, राज्य बदललं असेल. माणूस पैसे पुरून का गेला आणि परत का आला नाही, याचं उत्तर त्या सालापाशी असतं.

एकत्र राहिलेला निधी काय सांगू शकतो ते जोगलटेंभीने दाखवलं. गोदावरी-दारणेच्या संगमावरचं हे सिन्नर तालुक्यातलं गाव. १९०६ मध्ये इथे तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी निघाली. काळ मध्ययुगाच्या कितीतरी आधीचा, पण धडा तोच. नाणी क्षत्रप राजा नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा ठोकलेला. नहपानाच्या तोंडावर सातवाहनांचं डोंगराचं चिन्ह! पांडवलेणीच्या शिलालेखात गौतमीपुत्राने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, नायनाट केल्याचं लिहिलं आहे, पण शिलालेख राजाच्या आईचा. मुलाचं कौतुक ती करणारच. जोगलटेंभीने त्या कौतुकाला पुरावा दिला. तीच तेरा हजार नाणी तेरा गावच्या सोनारांकडे गेली असती तर चांदीच्या साखळ्या झाल्या असत्या.

## मग नोंद कशी करायची?

समजा निफाडकडे शेततळं खणताना मडकं फुटलं आणि नाणी सांडली. सगळ्यांत आधी काम थांबवा. मग हात लावण्यापूर्वी फोटो काढा: एक जवळून, एक लांबून, बांध किंवा झाड किंवा विहीर दिसेल असा. फोनमधलं लोकेशन चालू ठेवा. गट नंबर, तारीख, वेळ आणि जमिनीपासून किती खोल हे लिहा. किती फूट, ते अंदाजाने चालेल, पण त्याच दिवशी लिहा, कारण आठवडाभराने दोन फुटांचे पाच होतात. मडक्याची खापरं, कापडाची चिंधी, राख, विटा यांतलं काही असेल तर ते टाकून देऊ नका. मडक्याच्या घडणीवरूनही काळ लागतो.

नाणी मोजा. प्रत्येक नाण्याला कागदाचं वेगळं पाकीट आणि पाकिटावर पेन्सिलीने क्रमांक. मऊ प्लास्टिकच्या पिशव्या टाळा, काही दिवसांनी त्या चिकट होऊन नाण्याला लागतात. मग वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंचे फोटो. फोटोची एकच युक्ती: फ्लॅश बंद, आणि उजेड एका बाजूने तिरपा, खिडकीतून सकाळी येतो तसा. सपाट उजेडात पुसट अक्षर दिसत नाही, तिरप्या उजेडात त्याची सावली पडते. शेजारी मोजपट्टी ठेवा. दोन्ही फोटोंत नाणं सरळ आहे का याची चिंता नको, पण एका नाण्याच्या दोन बाजू दोन वेगळ्या नाण्यांच्या म्हणून नोंदल्या जाणार नाहीत एवढं बघा. ही चूक फार होते.

हे काम तासाभराचं आहे. द्राक्षाच्या पेट्यांवर क्रमांक टाकणाऱ्या माणसाला ते कोणी शिकवायला नको.

## 'सरकारला कळवलं तर गेलंच की!'

ही भीती खरी आहे आणि ती हसण्यावारी नेण्यात अर्थ नाही. म्हणून कायदा काय म्हणतो ते बघू.

कायदा १८७८ चा, निखात निधी कायदा. निखात निधी म्हणजे जमिनीत, किंवा जमिनीला जोडलेल्या कशात दडवलेली मौल्यवान वस्तू. म्हणजे वाड्याच्या भिंतीतलं धनही त्यात आलं. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर काय सापडलं, किती, कुठे आणि कधी हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. १८७८ मध्ये दहा रुपये म्हणजे मोठी रक्कम होती. आज चांदीचा एक रुपयाही ती ओलांडतो. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची, किंवा मागाल तेव्हा हजर करतो म्हणून तारण द्यायचं.

त्यानंतर जाहीर सूचना निघते आणि दावेदारांना चार ते सहा महिन्यांची मुदत मिळते. गेल्या शंभर वर्षांत आपण किंवा आपल्या पूर्वजाने हे पुरलं होतं असं कोणी सिद्ध केलं नाही, तर निधी बेवारस ठरतो. आणि बेवारस ठरला म्हणजे तो आपोआप सरकारचा होत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. कायद्याच्या मूळ चौकटीत, जमीनमालकाशी वेगळा करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला मिळतो. सरकारला निधी हवा असेल तर ते घेऊ शकतं, पण धातूच्या किमतीइतकी रक्कम आणि वर तिचा एक पंचमांश देऊन.

यातली खोच लगेच कळते. सरकारी मोबदला धातूच्या किमतीवर बांधलेला, तर दुर्मिळ नाण्याला बाजारात त्याच्या कितीतरी पट मिळू शकतात. माझ्या मते लोक कळवत नाहीत याचं मोठं कारण हेच, आणि दीडशे वर्षांपूर्वीचा हा हिशेब बदलायला हवा. पण आज कायदा आहे तो असा, आणि लपवणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मजूर आणि मालकाचं बिनसलं की बातमी फुटतेच.

व्यवहारात तलाठी किंवा तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा आणि पोहोच घ्यावी. सोबत तुमची फोटोंची आणि वजनांची यादी जोडावी. ही यादी तुमचंही रक्षण करते: किती नाणी दिली यावर नंतर वाद होत नाही. राज्याच्या पुरातत्त्व विभागालाही प्रत पाठवा.

## 'आमच्या आजीच्या डब्यातलं आहे, मग?'

मग काळजी नको. पिढीजात चालत आलेलं नाणं म्हणजे जमिनीत सापडलेला निधी नव्हे. ते तुमचं आहे. फक्त शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं, त्यामुळे ते परदेशी नेता किंवा पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला मुंजीची भेट म्हणूनही नाही. अशा नाण्यांचा धंदा करायचा तर परवाना लागतो.

त्याचीही नोंद ठेवा. आजी कुठल्या गावची, डबा कोणाचा, पैसे कुठून आले याबद्दल ती काय सांगायची. माहेर चांदवडचं असेल आणि डब्यात चांदवडी रुपया असेल, तर तीही माहितीच आहे.

## 'एका नाण्याने काय होतं?'

पुरलेला निधी म्हणजे तिजोरी. माणूस त्यात चांगली, वजनदार, जपून ठेवायची नाणी घालतो. वाटेत पडलेलं एकटं नाणं म्हणजे बाजाराची पिशवी. रोज खर्चायला काय वापरत होते ते त्यावरून कळतं. तिजोऱ्या बघून रोजचा बाजार समजत नाही.

इंग्लंडमध्ये हे फार पद्धतशीरपणे झालं. तिथे १९९६ चा खजिन्याचा कायदा आहे, खजिना सापडला तर १४ दिवसांत कळवावं लागतं आणि संग्रहालयाने ठेवून घेतल्यास बाजारभावाइतका मोबदला ठरतो, जो शोधणारा आणि जमीनमालक वाटून घेतात. त्याच्या जोडीला १९९७ पासून, कायद्याची सक्ती नसलेल्या वस्तूही लोकांनी स्वखुशीने दाखवाव्यात अशी योजना आहे. तिच्यात पंधरा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झाली. मध्ययुगात तिथे सुटे पैसे नसले की चांदीची पेनी कापून अर्धी-पाव करत. तसा एक पाव तुकडा सापडला तर कोणी ढुंकून बघणार नाही. तसे हजारो तुकडे नकाशावर मांडले की आठवडी बाजार कुठे भरत होते, ते दिसायला लागतं.

आपल्याकडे असा नकाशा नाही. जुन्या नाशकातल्या गढीवर १९५०-५१ मध्ये हसमुख सांकळिया आणि शांताराम देव यांनी उत्खनन केलं, पण उत्खनन म्हणजे थोडे खड्डे. बाकीचा जिल्हा शेतकऱ्यांनी आणि जेसीबींनी उकरलेला आहे, आणि तिथे काय निघालं ते मुशीत गेलं.

## आणि किंमत?

सांगतो म्हटलं होतं. झिजलेल्या, नेहमीच्या मोगल किंवा मराठी रुपयाला चांदीच्या भावापेक्षा फार जास्त मिळत नाही, कारण ते लाखोंनी पाडले गेले. किंमत वाढते ती दुर्मिळ टाकसाळ, दुर्मिळ साल आणि चांगली अवस्था यांनी, आणि या तिन्ही गोष्टी घासलेल्या नाण्यावर सिद्ध करता येत नाहीत. 'आधी नोंदणी शुल्क भरा, मग तुमचं नाणं लाखांत विकून देतो' असं फोनवर कोणी सांगितलं तर फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरूनसुद्धा हा प्रकार चालतो आणि २०२१ मध्ये बँकेला त्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला होता.

सराफ बाजारात नेलंत तर सोनार टंच काढेल, घट धरेल आणि मोडीचा भाव सांगेल. त्याचं चूक नाही, तो चांदी विकत घेतो. नाणं विकत घेणारा वेगळा असतो, आणि तो विचारतो ते गावाचं नाव.